गडव्यावरचं नाव

भंडारा,
गुरुवार, ता. १४ नोव्हेंबर २०२४

ती. वहिनीस,
अश्वजितचा सप्रेम जयभीम.

मी इथं बरा आहे. तुमचा खोकला कसा आहे? धान कापून झालं असेल. दादाला यंदा मळणीचं मशीन वेळेवर मिळालं, की मागच्यासारखं साऱ्या गावाचं होईस्तोवर वाट बघत बसला? त्याला सांगा, कमरेचा पट्टा बांधल्याशिवाय पोती उचलू नको. तो ऐकणार नाही, पण सांगा.

पत्र बघून घाबरला असाल. आपल्या घरी हल्ली टपालानं विजेच्या बिलाशिवाय काही येत नाही. फोन असताना पत्र कशाला, असं दादा विचारेलच. फोनवर तुम्ही "जेवला काय? बरा हायेस नं?" एवढं विचारता आणि मी तोंड उघडायच्या आत फोन खुशबूच्या हाती देता. उन्हाळ्यापासून असंच चाललंय. घनश्याम मास्तर उद्या सकाळी आपल्या कोंढ्याला येतील, त्यांच्याबरोबर हे पाठवतोय. खुशबूला वाचायला लावू नका. तुम्ही सातवी पास आहात, सावकाश का होईना, तुम्हीच वाचा.

काल खुशबूचा फोन आला होता. म्हणाली, "काका, आई गडवा मोडीत देऊन राहिली. रविवारी भांडेवाला येते, त्याच्यापासून कुकर घेतो म्हणते." वहिनी, तेवढं थांबा. शनिवारी दुपारी मी येतोय. त्याच्या आत तुमचा तो पाण्याचा पितळी गडवा कोणाच्या हाती देऊ नका. कुकर लागत असेल तर आणू, पण गडव्याच्या बदल्यात नको. का नको, तेच सांगायला बसलोय. मला सरळ सांगता येत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत? पाटी फुटली की मी आधी शाळेतल्या कुत्र्याची गोष्ट सांगत बसायचो, आणि तुम्ही शेवटी म्हणायच्या, "बरं, आता पाटी दाखव."

तर आधी कुत्र्याची गोष्ट.

नागपूरच्या प्रदर्शनात आपल्या चित्राला बक्षीस मिळालं, ते तुम्हाला माहीत आहे. बक्षीस घेतल्यावर एका बाईंनी माझ्यापुढं माइक धरला आणि विचारलं, तुम्ही माणसं काढत नाही, डोंगर-नदी काढत नाही, नुसती स्थिरचित्रंच का काढता? त्यांचा अर्थ काय? प्रेरणा कुठून मिळाली? स्थिरचित्र म्हणजे आम्ही शाळेत वस्तुचित्र म्हणायचो तेच. चार वस्तू मांडायच्या आणि बघून काढायच्या. एवढा सोपा प्रश्न, आणि मी काय बोललो? वस्तूंमधलं मौन. अवकाशातला रिकामपणा. प्रकाशाशी संवाद. हे सगळं माझ्या तोंडात कुठून आलं कोणास ठाऊक. समोरची माणसं माना डोलवत होती म्हणून मी आणखी चढलो. दोन-तीन परदेशी चित्रकारांची नावंही घेतली. कोंढ्याचं नाव घेतलं नाही, तुमचं तर नाहीच.

खुशबूनं तुम्हाला तो व्हिडिओ दाखवला. तुम्ही म्हणालात म्हणे, "बाबू चांगला बोलला. मले काही समजलं नाही, पण चांगला बोलला." हे ऐकलं तेव्हा मी वर्गात होतो. मुलांना काहीतरी काढायला सांगितलं आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

त्या बाईंना खरं उत्तर द्यायचं तर वांग्यापासून सुरुवात करावी लागली असती.

तुम्ही आपल्या घरात आलात तेव्हा मी दुसरीत होतो आणि आई जाऊन वर्ष झालं होतं. आठवीत मी एलिमेंटरी परीक्षेचा फॉर्म भरला. वस्तुचित्राचा पेपर दोन तासांचा, आणि घरी सराव करायला वस्तू कुठल्या? तुम्ही पाटावर गोणपाट अंथरलं, त्यावर तुमचा पितळी गडवा ठेवला, त्याला टेकून दोन वांगी आणि मागं सूप उभं केलं. ती दोन वांगी म्हणजे त्या दिवसाची भाजी होती. मला एक वांगं जमेना. त्याच्या देठाची सावली पडायची तिथं माझं नुसतं काळं व्हायचं, मी खोडायचो, पुन्हा काढायचो. दादा शेतातून आला, हातपाय धुतले, जेवायला बसला. चुलीवर भात झालेला, भाजीचा पत्ता नाही. तो चिडला. तुम्ही म्हणालात, "थांबा जरा. बाबूचं वांगं अजून झालं नाही."

दादानं माझ्याकडं बघितलं, तुमच्याकडं बघितलं, आणि मिठासोबत भात कालवून खाल्ला. पण पाटावरच्या वांग्याला हात लावला नाही. तुम्हीही लावला नाही. माझं चित्र झाल्यावर तुम्ही ती वांगी चिरली, तेव्हा ती थोडी मऊ पडली होती. आपण दोघं उशिरा जेवलो आणि तुम्ही म्हणालात, "चित्रातलं वांगं ताजं हाय, ताटातलंच शिळं झालं."

मी आज शाळेत मुलांना वस्तुचित्र शिकवतो. छाया, प्रकाश, प्रमाण, पुढची वस्तू, मागची वस्तू, सगळं सांगतो. पण खरी गोष्ट मला त्या पाटाशीच कळली होती. वस्तू आपणहून स्थिर राहत नाहीत. घरात प्रत्येक वस्तूची कोणाला तरी गरज असते, गडव्यात पाणी भरायचं असतं, वांगं शिजवायचं असतं, सुपात तांदूळ पाखडायचे असतात. कोणीतरी आपलं काम थोपवून धरतं, हात आवरतं, भुकेल्या नवऱ्याला थांब म्हणतं, तेव्हा कुठं दुसऱ्याला त्या बघायला मिळतात. माझ्या सगळ्या चित्रांचा अर्थ एवढाच आहे. आणि प्रेरणा विचाराल तर ती चुलीपाशी हात आवरून बसली होती. हे मी त्या माइकसमोर बोललो असतो तर किती बरं झालं असतं.

आता पाटी दाखवतो.

मे महिन्यात मी सुट्टीत घरी आलो, मागच्या खोलीत खिडकीशी टेबल मांडलं. स्टीलचे गडवे आल्यापासून तुमचा पितळी गडवा फडताळावर पडून होता, पार काळा पडलेला, बुडाशी हिरवट. मला तो तसाच हवा होता. गडवा, दोन लिंबं आणि दादाचा जुना दुपट्टा. पंधरा दिवस खपून मी तो काळेपणा रंगवला. मग रंग आणायला एक दिवस नागपूरला गेलो आणि परत येऊन बघतो तर गडवा सोन्यासारखा चकचकीत. तुम्ही चिंच आणि राख लावून घासून ठेवला होता. जागा मात्र जराही हलवली नव्हती. खाली खडूनं खूण करून, तिथंच परत ठेवला होता.

मी ती खूण बघितली नाही. मी ओरडलो. काय ओरडलो ते तुम्हाला पाठ असेल, मलाही आहे. "तुम्हाला काय समजतं यातलं?"

तुमचे हात अजून चिंचेचे होते. तुम्ही म्हणालात, "चुकलंच बाबू." आणि त्या दिवसापासून तुम्ही त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नाही. चहा आणायच्या तर दाराशी उभ्या राहून खुशबूला हाक मारायच्या.

मी पुन्हा पहिल्यापासून चित्र काढलं. मनात राग धरून काढलं, खरं सांगतो. पण वहिनी, नागपूरला जी माणसं त्या चित्रापुढं थांबत होती, ती काळेपणासाठी थांबत नव्हती. तुम्ही काढलेल्या त्या चकाकीसाठी थांबत होती. चकाकत्या गडव्याच्या पोटात आपली खिडकी दिसते, लिंबं दिसतात आणि पार कडेला दाराची चौकट. त्या चौकटीत एक निळा ठिपका आहे, नखाएवढा. ते तुमचं निळं लुगडं आहे. रंगवताना मला वाटलं, दिसतंय ते काढतोय. तुम्ही आत का येत नाही, हे मात्र मी विचारलं नाही. काळा गडवा मी याआधी चारदा काढलाय, त्याला कोणी विचारलं नव्हतं. बक्षीस तुमच्या चिंचेला आहे.

चित्र झालं तेव्हा तुम्ही दारातूनच बराच वेळ बघितलं. मग हळूच म्हणालात, "नाव दिसून नाही राहिलं."

गडव्यावर नाव आहे, हे मला माहीत होतं. घासल्यावर ते उठून दिसायला लागलं, म्हणून दुसऱ्यांदा मांडताना मी ते भिंतीकडं वळवलं होतं. मी तुम्हाला मास्तरासारखं समजावलं की चित्रात अक्षरं आली की लोक वाचायला लागतात, बघायचं सोडून देतात. तुम्ही "बरं" म्हणालात.

काल फोनवर मी खुशबूला विचारलं, अगं, आई तो गडवा मोडीत कशी काय देते? तुझ्या आजोबांची एवढी एकच वस्तू आहे तिच्याजवळ. पोरगी म्हणाली, "काका, तुमाले खरंच माहीत नाही काय, तिनं तो काहून घासला होता?"

मग तिनंच सगळं सांगितलं, तेव्हा मला कळलं. काळ्या गडव्यावर नाव वाचता येत नाही म्हणून तुम्ही घासला. माहेरी आंधळगावला फोन करून तुमच्या आईला, बायजाबाईंना, सांगून बसला होतात, "माय, बाबानं टाकलेलं नाव नागपूरले जाऊन राहिलं." चित्राचा फोटो आला तेव्हा तुमच्या आईनं त्या म्हाताऱ्या डोळ्यांनी दोनदा विचारलं, "कुठी हाय नाव?" आणि तुम्ही सांगितलं, "मागच्या बाजूनं हाय, माय."

तुमच्या वडिलांनी, परसरामबाबांनी, भंडाऱ्याच्या कारखान्यात बारा वर्षं दुसऱ्यांची भांडी उजळली, आणि घरात पितळ आणलं ते एवढंच, तुमच्या लग्नाला. भांड्यावर देणाऱ्याचं नाव टाकायची रीत. त्यांनी सांगितलं, माझं नको, पोरीचं टाका. हे तुम्ही मला वांग्याच्या दिवसांतच सांगितलं होतं, आणि मी गडव्याची गोलाई बघण्यात गुंग होतो. रेशनकार्डावर तुम्ही कुंता विनोद मेश्राम, आधारवर तेच, बचतगटाच्या वहीतही तेच. कुंता परसराम रामटेके फक्त त्या गडव्यावर आहे. आणि मी ते भिंतीकडं वळवलं.

मी चुकलो, वहिनी. घासण्यावरून ओरडलो ते चुकलं, तुम्हाला काय समजतं म्हणालो ते त्याहून चुकलं, आणि नागपूरला तुमचं नाव घेतलं नाही ते सगळ्यात जास्त. मला माफ करा.

आज शाळेतून आल्यावर नवा कॅनव्हास लावला. तो गडवा मला तोंडपाठ आहे असं वाटत होतं. काठाची वळी, पोटाचा फुगवटा, विहिरीच्या दगडावर पडून आलेला पोचा, सगळं कोळशानं भराभर उतरलं. मग नावाच्या जागेशी हात थांबला. अक्षरं ठिपक्या-ठिपक्यांची आहेत की सलग कोरलेली? "आंधळगाव" खाली आहे की त्याच ओळीत? काही म्हणता काही आठवेना. इतकी वर्षं त्या गडव्याकडं बघतोय आणि तुमचं नाव मी एकदाही नीट बघितलेलं नाही. तिथं कॅनव्हास कोरा आहे.

म्हणून शनिवारी येतोय. गडवा तुमचा आहे, पुढं त्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा, मी शब्द काढणार नाही. पण एकदा तो माझ्यासमोर नाव पुढं करून ठेवा. तुम्ही ठेवा, मला हवा तसा नको. आणि मी काढत असेन तेव्हा दाराशी उभ्या राहू नका, आत येऊन बसा. माझं चुकलं तर तिथंच सांगा. जानेवारीत इथं भंडाऱ्याला प्रदर्शन आहे, तेव्हा बायजाबाईंना गाडी करून आणू आणि चित्राच्या अगदी जवळ खुर्ची देऊ. लोकांना वाचायचं असेल तर खुशाल वाचू द्या.

त्या चित्राच्या कोपऱ्यात मी सही करणार नाही. त्यावर एकच नाव राहील.

दादाला जयभीम, खुशबूला आशीर्वाद. शनिवारी सकाळी चिंच भिजत घालून ठेवा. गडवा तुम्ही घासा, मी बसून बघतो.

तुमचा,
बाबू