पुढच्या सीटवर

बाबा, तुम्ही गेल्यावर तुमची स्कूटर विकली, त्यालाही बरीच वर्षं झाली. आता माझी गाडी आहे. दर सोमवारी सकाळी नाशिकहून नोकरीसाठी पुण्याला जाताना मी तिच्या मागच्या तीन जागा परक्या माणसांना देतो. मोबाइलच्या अॅपवर तशी सोय आहे. आपण कधी निघणार ते लिहायचं, ज्यांना यायचं असेल ते जागा ठेवतात, पेट्रोलचा खर्च वाटला जातो. पुढची सीट मी देत नाही, तिथे माझी बॅग असते. शेजारचे काका अजून टोमणा मारतात, "काय इंजिनिअरसाहेब, आज किती शिटा?" हिला वेगळीच काळजी. "फोटो बघून माणूस कळतो का? उद्या कोणी मागून गळ्याला सुरी लावली म्हणजे?" मी म्हणतो, तेही माझा फोटो बघूनच बसतात. त्यावर ती म्हणते, "तुमचा फोटो बघून कोण घाबरणार आहे!"

तुम्ही एकलहऱ्याच्या वीज केंद्रातली ड्यूटी संपवून निघालात की नाशिकरोडपर्यंत जो हात करेल त्याला मागे बसवायचात. माझी शाळा तिथल्या कॉलनीत, म्हणून मी पुढे उभा. एक दुपार अजून तशीच डोळ्यांसमोर येते. प्लँटच्या चिमण्यांतून धूर सरळ वर जातोय. मागे पांढऱ्या शर्टातला माणूस बसलाय, मोकळेपणाने गप्पा मारतोय. मध्येच विचारतो, "साहेब, आडनाव काय आपलं?" तुम्ही सांगता. आपल्याकडे आडनाव कळलं की जात कळते, हे मला तेव्हा माहीत नाही. मग तो म्हणतो, "इथंच सोडा, जरा काम आहे." दोन्ही बाजूंना ऊस, घर एकही नाही. तो उतरला, तुम्ही स्कूटर पुढे काढलीत. मी विचारलं, "बाबा, त्याचं इथे काय काम?" तुम्ही म्हणालात, "समोर बघ." इतक्या कोरड्या आवाजात तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हतात. घरी स्कूटर स्टँडला लावताना मात्र हळू म्हणालात, "आपण कोणाला नाव विचारायचं नाही. कुठे उतरायचंय, तेवढं विचारायचं." दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा कोणासाठी तरी थांबलात.

प्रवास झाला की लोक अॅपवर दोन ओळी लिहितात. गेल्या हिवाळ्यात एकाने लिहिलं, "गाडी स्वच्छ, चालक शांत. सोबतचे काका छान बोलतात." गाडीत काका कोणीच नव्हते. दुसऱ्या कोणाचा अभिप्राय चुकून माझ्याकडे आला असेल, असं मी धरून चाललो. दोन आठवड्यांनी आणखी एकाने लिहिलं, "दोघेही सभ्य." मग एका सोमवारी चाकणला एक मुलगी उतरली. चांगलं ऊन पडलं होतं. तिने मला पैसे पाठवले, गाडीला वळसा घालून पलीकडच्या खिडकीशी वाकली आणि रिकाम्या सीटकडे बघून म्हणाली, "येते हं काका." मी लगेच मान वळवली नाही. वळवली तेव्हा बॅग सीटवर नव्हती. खाली, पाय ठेवतात तिथे, नीट उभी करून ठेवलेली होती.

मी घाबरलो, पण पळून जावंसं वाटलं नाही. पुढच्या सोमवारी बॅग डिकीत टाकली. त्या दिवशी सिन्नरचे एक व्यापारी मागे होते. संगमनेरच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या वडलांचा स्वभाव लई मोकळा आहे हो."

मी कप हातात धरून विचारलं, "काय म्हणाले?"

"काय नाय. कुठे उतरायचंय विचारलं. नाव नाय, गाव नाय. आजकाल लोक पहिलं तेच काढतात." मग गाडीकडे बघत म्हणाले, "त्यांना चहा नाय का द्यायचा?"

"आणि माझ्याबद्दल? मला काही म्हणाले?"

"तुम्हाला? नाय बा. तुमच्याकडे नुसते बघत होते सारखे."

तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. परक्यांशी तुम्ही बोलता. माझ्या शेजारी चार-पाच तास बसता आणि माझ्याशी एक शब्द नाही. आता रिकाम्या रस्त्यावर मी काच वर करतो, रेडिओ बंद करतो, वाट बघतो. सीटचा पट्टा कधी कधी लावलेला असतो. एवढंच.

कारण मला माहीत आहे, बाबा. सुरुवातीला अॅपवर माझं पूर्ण नाव होतं. लोक जागा ठेवायचे आणि तासाभरात रद्द करायचे. वेळ जमली नसेल, दुसरी गाडी मिळाली असेल, मला काही सिद्ध करता येणार नाही. एका रविवारी मी तुमचं आडनाव काढलं आणि आपल्या गावाच्या नावापुढे 'कर' जोडून नवीन घातलं. हिलाही सांगितलं नाही. पुढच्याच सोमवारी गाडी भरली. त्याच फेरीनंतर कोणीतरी तुमच्याबद्दल पहिल्यांदा लिहिलं.

हे पत्र उद्या निघण्याआधी तुमच्या जागेवर ठेवावं असं मनात होतं. ठेवणार नाही. खाली सही करायला पेन टेकवलं आणि हाताने आधी ते नवीन आडनावच लिहिलं.