डब्यावरचा शब्द

तीर्थरूप काकांना रंगाच्या दुकानातल्या पुतणीचा नमस्कार. (वाकून केला असं समजा, कंबर धरली आहे.) गुडघा काय म्हणतो? काकूंचं ऐकत नसालच, निदान गुडघ्याचं तरी ऐका. इकडे आम्ही मायलेकी ठीक. नोकरी मात्र जाता जाता राहिली, ती हकीकत सांगते.

आमच्या मालकांच्या वडिलांनी कधीकाळी एक गडद तपकिरी रंग कालवला आणि डब्यावर लिहिलं ‘हबशी’. आता दुकानात रंग मी कालवते, आणि माझा रंग तुम्हाला ठाऊक आहे. गिऱ्हाईक हबशी मागतं, डब्याकडे बघतं, मग माझ्याकडे बघून हसतं. मी हसण्यावारी न्यायची. पण लेक शाळेतून थेट दुकानात येते, गल्ल्याजवळच्या स्टुलावर अभ्यास करते. परवा एका बाईंनी झाकण न उघडताच तिच्याकडे बोट दाखवलं, “हाच ना रंग?” दुसऱ्या दिवसापासून पोरगी पुट्टीच्या पोत्यांमागे बसायला लागली. म्हटलं, तिथे उजेड नाही. तर म्हणाली, तिथे कुणी बघत नाही. काका, माझं डोकंच फिरलं.

मालकांना म्हटलं, नाव बदला. त्यांनी मेहुण्याला पुढे केलं. (हे निवृत्त प्राध्यापक, दुकानात येतात ते पंख्याखाली बसायला.) त्यांनी बराच वेळ समजावलं, की मूळ शब्दात काही वाईट नाही. हबश नावाचा देश, तिथला तो हबशी. कित्येकांना गुलाम म्हणून विकलं हे खरं, पण काही सरदार झाले, काहींनी आरमारं चालवली. मी म्हटलं, मग डब्यावर सरदाराचं चित्र छापा, आरमारासकट. ते म्हणाले, तसं नव्हे. मी म्हटलं, तसंच. सरदार गेले, देश लोक विसरले, शब्द उरला तो अंगावर फेकायला. माझ्या पोरीला कुणी आरमार देत नाही.

मग मीही एक निरुपद्रवी रंग कालवला, फिकट गुलाबी, आणि चिठ्ठी डकवली ‘मालकगाल’. मालकांचे गाल खरोखरच तसे आहेत, वाईट काय त्यात? रंग धडाक्यात खपला. एका ठेकेदारानं तर भर दुकानात, मालकांसमोर, संडासाला लावायला म्हणून मालकगाल मागितला. मालकांचे गाल डब्यातल्या रंगाच्या पार पुढे गेले. कामावरून काढून टाकतो म्हणाले. मी म्हटलं, खुशाल काढा, पण मूळ शब्दात काही वाईट नाही. प्राध्यापकांना ठसका लागला. (हसू होतं, कबूल करायचे नाहीत.) शेवटी मालकांनी स्वतः बसून दोन्ही नावं नखांनी खरवडली. आता डब्यांवर नुसते आकडे आहेत, आणि लेक स्टुलावर आहे.

काकूंना नमस्कार सांगा.

तुमची पुतणी

ता. क. सुट्टीत आम्ही तुमच्याकडे येतोय. तुम्ही मला लहानपणापासून ‘आमची हबशीण’ म्हणता, लग्नात सासरच्यांनाही तशीच ओळख करून दिलीत. प्रेमानं म्हणता, माहीत आहे. मी कधी बोलले नाही, तेही प्रेमानंच.

आणखी एक ता. क. मालकांची जिरवली म्हणून लेक खूश होती. मग एकदम म्हणाली, “आजोबा पण मला छोटी हबशीण म्हणतात. त्यांना कोण सांगणार?” मी म्हटलं, मी सांगते.

सांगितलं.