बटणांची वही

तारीख १४, मंगळवार, दुपारी जेवणं आटोपल्यावर

माझी लाडकी खारू,

आजीचे पोटभर आशीर्वाद. मी बरी आहे. डोळ्यातलं औषध आठवणीनं घालते. गुडघा कुरकुरतो, पण त्याला मी दाद देत नाही. तुझ्या गुडघ्याचं काय ते कळव. फोन करता आला असता, पण फोनवर तू माझा आवाज ओळखतेस आणि मग मी भलतंच काहीतरी बोलून फोन ठेवून देते. कागदाचं बरं असतं, तो मधेच "काय झालं ग आजी" म्हणत नाही. माझं शिक्षण चौथीचं, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ बघत बसू नकोस.

आधी आनंदाची बातमी. तुला माहीत आहे, तरी मला लिहू दे. आपल्या भिंगरीचा फोटो पेपरात आला, चांगला अर्ध्या पानाचा! हॉकी क्लबचा मुख्य प्रशिक्षक! केस जरा विरळ दिसतात, पण हसू तेच. मी तो कापून शिलाई मशीनच्या वर भिंतीला डकवलाय. दूधवाल्याला दाखवला. मीटर बघायला आला त्याला दाखवला, तर तो म्हणतो, "आजी, मागच्या महिन्यातही दाखवलात." दाखवला असेल! खेळ सुटल्यावर वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडलेला तुझा भाऊ दाढी करून कामाला जायला लागला, तर मी काय तोंड शिवून बसू?

बसले होते मात्र. तेच सांगायचंय.

थांब, शेजारणीचं मांजर मशीनवर चढलंय.

हाकललं. तर तुझी आई सांगत होती, तू क्लब सोडलास आणि सोमवारपासून कुठल्याशा गोदामात हजेरी लिहायला जाणार. नऊ वर्षं त्या क्लबात उपप्रशिक्षक राहिलेली तू! आणि तिला म्हणालीस म्हणे, "मुलाखतीत मी बोलत होते आणि ते एकमेकांकडे बघून हसत होते. माझ्यातच काहीतरी कमी असणार." हे ऐकलं आणि कागद घेऊन बसले ग.

तुझ्यात काही कमी नाही. ते का हसत होते, ते मला ठाऊक आहे.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी भिंगरी माझ्याकडे आला होता. चपला न काढताच आत. म्हणाला, "आजी, ताईच्या वह्या तुझ्याकडेच असतात ना? नुसत्या चाळतो. उद्या विचारतील, संघ कसा बांधणार, तर मी काय सांगू? मला आयुष्यभर फक्त चेंडू दिसला. बाकीचे दहाजण कुठे उभे करायचे, मला काय माहीत!"

तू पण त्याच जागेसाठी जाणार होतीस, हे मला माहीत होतं. तरी मशीनच्या खणातून निळी वही मीच काढून दिली. वर म्हणाले काय, "पानं दुमडू नकोस हं." बघ माझी काळजी! पानांची!

तो अकराला आत गेला, तू बाराला. तू नऊ वर्षं बसून जे लिहिलंस, ते त्यानं तासभर आधी फळ्यावर काढून दाखवलं होतं. मग तू गेलीस आणि तेच बोललीस.

हे मला क्लबच्या चिटणिसांनीच सांगितलं. निवड झाल्यावर ते अभिनंदन करायला घरी आले होते, भिंगरी शेजारी बसलेला. म्हणाले, "आजी, आम्ही ह्याला नुसत्या नावावर बोलावलं होतं, शिकवण्याचा अनुभव शून्य. पण काय तयारी! फळा भरून टाकला. बहीण मात्र भावाचंच पाठ करून आली होती, बिचारी." भिंगरीनं मान खाली घातली. माझ्या हातात चहाचं भांडं होतं. मी म्हणाले, "साखर किती घालू?"

एवढंच बोलले ग मी. साखर किती घालू.

मग मनाला समजावत राहिले, आपण अडाणी, वहीत काय होतं ते आपल्याला काय कळणार. पण ते साफ खोटं. तू सात वर्षांची असताना तापानं पडलीस, तेव्हा मी बटणांचा डबा तुझ्या पांघरुणावर उपडा केला होता, आठवतं? काळी बटणं आपली, पांढरी त्यांची, आणि माझ्या जुन्या कोटाचं मोठं लाल बटण म्हणजे गोलकीपर, म्हणजे तू. तेव्हापासून वहीत खेळाडू काढलास की गोल आणि आत चार ठिपके. अक्षरं मला जड जातात, पण ती पानं मी गोष्टीच्या पुस्तकासारखी वाचायचे. फळ्यावर त्यानंही चार ठिपके काढले. कुणी विचारलं तर म्हणाला, "माझी पद्धत आहे." हे त्यानं मला हसत सांगितलं, आणि मीही हसले.

तुला वाटेल, तो लाडका म्हणून. तसं नाही. म्हणजे आहेही. पण त्याहून वाईट म्हणजे, खारू पडली तर आपली आपण उठेल, हे मी गृहीत धरलं. समजूतदार पोरीला आमच्याकडून हेच बक्षीस.

आता तो ओळीनं तीन सामने हरलाय. शुक्रवारी आला, बटणांचा डबा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "वही संपली, आजी. समोरच्यांनी बटणं हलवली की पुढे काय करायचं ते त्यात नाहीच. तू मांड ना." मी म्हणाले, "ताईकडे जा." तर म्हणे, "कुठल्या तोंडानं?"

माझ्याकडे तरी कुठलं तोंड आहे? पण जे होतं ते घेऊन शनिवारी क्लबात गेले. तीन जिने! चिटणिसांच्या टेबलावर फायली बाजूला सारून बटणं मांडली, पेनल्टी कॉर्नरची तुझी ती वाकडी रांग. म्हणाले, "ही पद्धत माझ्या नातीची. वही मी चोरून दिली." त्यांनी वाकून एकेका बटणावर बोट ठेवलं. म्हणाले, "करार वर्षाचा झालाय आजी, तो मोडता येणार नाही. पण लिहून द्या. बैठकीत सगळ्यांसमोर वाचतो." आणि तुझा पत्ता उतरून घेतला.

मग काय, तीन कागद फाडले, चौथा जमला. खाली माझी सही केली आणि शेजारी जागा सोडली. भिंगरी दोन दिवस फिरकला नाही. आज सकाळी आला, उभ्यानं वाचलं आणि सही केली. चहाला थांबला नाही. कागद उद्या मी स्वतः नेऊन देणार आहे. त्याची नक्कल सोबत जोडलीय.

गोदामात जायचं की नाही, ते तू ठरव. फक्त तुझ्यात कमी आहे म्हणून जाऊ नकोस. मला माफ कर असं लिहिलं होतं, ते खोडलं. तेही तुझ्यावरच टाकल्यासारखं होतं.

पाकिटात लाल बटण आहे, सांभाळून उघड. ते नसलं की माझ्याकडे मांडणी होत नाही. भिंगरीनं डबा पुन्हा पुढे ठेवला, तरी नकोच व्हायला.

तुझी वही जिला वाचता येते,
ती तुझी आजी