तो ढोलवाला कोण?

डाळज, ९ जुलै १९९६

आबा बॅगेत घोंगडं कोंबतायत! परदेशात! मी म्हटलं, तिथं गाद्या असतात. तर म्हणाले, "आसत्याल. आपलं हातरून आपल्याजवळ आसावं."

आमचा गजीढोलाचा, म्हणजे धनगरी नाचाचा, संघ एस्टोनियाला चाललाय. तालिन नावाच्या शहरात लोकनृत्यांचा मेळा आहे. बारा माणसं. आबा मुख्य ढोलवाले, आणि इंग्रजी येतं म्हणून मी दुभाष्या. बारामतीला राहून बी.ए. केलं ते ह्यासाठी! बापाच्या चंचीत तंबाखू आहे, गांजा नव्हे, हे कस्टमवाल्यांना पटवायला.

तालिन, १३ जुलै

मॉस्कोपर्यंत विमान, पुढं रात्रभर रेल्वे. आबांनी लसणाच्या चटणीचं फडकं सोडलं आणि अख्खा डबा शिंकायला लागला. मी वरच्या बर्थवर तोंड लपवून पडून राहिलो.

शहर मात्र काय आहे! दगडी गल्ल्या, लाल टोकदार बुरूज, कोटाची भिंत अजून जागच्या जागी. आमची गाइड काद्री माझ्याच वयाची, युनिव्हर्सिटीत शिकते. एकेक जागा दाखवताना स्वतःच हरखून जाते. मी तिच्याशी इंग्रजीत बोलतोय, चांगलं जमतंय, आणि आबा त्या भिंतीच्या कडेला पचकन थुंकले. तिच्या समोर! शी!

१४ जुलै

ताटात काहीतरी थरथरत होतं. मटणाचा रस्सा थिजवून पाडलेली वडी — गार! शेजारी खारा कच्चा मासा. मी ताट लांब सरकवलं. आबांनी दोन वड्या खाल्ल्या, वर बोटं चाटली. ताकासारख्या कशात तरी भाजलेलं पीठ कालवून दिलं, तर ओरडले, "आरं मल्ल्या, ही तर आपली आंबील!" सगळ्या हॉलनं माना वळवल्या.

संध्याकाळी सॉना म्हणून प्रकार. लाकडी खोली, भट्टीसारखी वाफ, आणि सगळे बाप्ये उघडे — अंगावर दोरा नाही! एकमेकांना पाल्याच्या डहाळ्यांनी झोडपत होते. आबा म्हणाले, "ह्येंच्या बी अंगात येतंय व्हय?" आणि लंगोट काढून खुशाल त्यांच्यात जाऊन बसले. पाठही पुढं केली. मी टॉवेल घट्ट धरून दाराशी. बापाला असं कुणी बघावं का? किळस आली. अजून येतेय.

१५ जुलै

काद्रीनं टेकडीवरच्या किल्ल्यावरून समुद्र दाखवला. दोघंच होतो. वारा होता. तिनं विचारलं, वडील काय करतात?

साखर कारखान्याचे डायरेक्टर आहेत, म्हणालो. पटकन तोंडातून गेलं. मग मागं घेता येईना. खरं सांगायचं तर घ्यायचंही नव्हतं.

१६ जुलै

मेळ्यातला कार्यक्रम झाला. नंतर सगळ्यांना तळघरातल्या डिस्कोत नेलं. रात्रीचे दहा, आणि बाहेर ऊन! आत लाल-निळे दिवे, बिअर, छातीत धडधडणारं संगीत. काद्री मला पावलं शिकवत होती. आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

आणि आबा उठले. पागोटं, धोतर, खांद्यावर ते घोंगडं! दोन्ही हातांत रुमाल घेतले आणि त्या मशीनच्या ठेक्यावर गजीचा फेर धरला. जो समोर येईल त्याच्या कपाळाला भंडारा. पाच मिनिटांत सगळी गोरी पोरंपोरी त्यांच्यामागं गोल गोल. शिट्ट्या काय, टाळ्या काय! भंडारा घामानं ओघळून सगळ्यांची तोंडं पिवळी झाली. सर्कशीतल्या अस्वलाभोवती जमतात तशी जमली होती. मला तिथं थांबवेना.

काद्रीनं माझ्या कानाशी ओरडून विचारलं, "तो ढोलवाला कोण?"

"गावाकडचा आहे एक. मी नीट ओळखत नाही."

आबा तिकडून आमच्याकडंच बघत होते. बघेनात का! त्यांना कुठं इंग्रजी येतं?

१७ जुलै

आज आबांनी मला हाकच मारली नाही. बसमध्ये मागं, लांब बसले. पाणी हवं होतं तर म्हणाले, "सायेब, तेवढी बाटली द्या." संघातल्यांनी दात काढले. काढू देत. शिकले एकदाचे चार लोकांत वागायला.

१८ जुलै

निघालो. स्टेशनवर आबांनी घोंगडं काद्रीच्या अंगावर घातलं. इतकी वर्षं वापरलेलं, मेंढरांचा वास मारणारं! मला लाजेनं घाम फुटला. ती मात्र रडायला लागली. काय नाटकी लोक असतात!

डाळज, २५ जुलै

गावात जो तो विचारतो, काय काय बघितलं? आबा म्हणतात, "सायबाला इचारा." घरातसुद्धा सायेब. आता अति होतंय.

डाळज, १२ सप्टेंबर

तालिनहून पार्सल आलं. आबांसाठी लोकरीचे हातमोजे, काद्रीनं स्वतः विणलेले. मला पत्र.

लिहिलंय — डिस्कोत तू ओळखत नाही म्हणालास, त्यानंतर मी त्यांच्याजवळ गेले. तुझ्याकडं बोट करून खुणेनंच विचारलं, हा तुमचा कोण? त्यांनी छातीवर हात ठेवला. मग गुडघ्याएवढा हात धरून दाखवला, एवढा होता तेव्हापासून. आणि ओठावर बोट ठेवलं. म्हणून तिथं तुला काही बोलले नाही.

आबा ओसरीवर हातमोजे घालून बसले होते. ह्या उकाड्यात! एक धागा ओढून पीळ बघत म्हणाले, "लोकर चांगली हाय. काय लिवलंय पोरीनं?"

मी पत्राची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"ऱ्हाऊ दे, मल्ल्या. जेवून घे आदी."