अर्ज मागे घेतला त्या दिवशी

सोमवार, दि. २३ फेब्रुवारी

चि. चेतना,

तुझ्या नानाचा आशीर्वाद. पत्र पाहून घाबरू नकोस, तब्येत ठीक आहे. फोनवर तू "बरं आहे ना?" विचारतेस, मी "बरं आहे" म्हणतो आणि दोघंही फोन ठेवतो. सांगायचं आहे ते तेवढ्यात बसत नाही. म्हणून प्रकाशा गावी जाऊन पोस्टातून पाकीट आणलं.

इकडे थंडी संपली. मी सकाळी एकदाच खिचडी टाकतो, तीच दोन्ही वेळेला होते. परवा भिलाआबांच्या नातीचा साखरपुडा झाला. मंडपाची दोरी आपल्या खिडकीच्या गजाला बांधली होती, पण मला बोलावणं नव्हतं. सख्खे भाऊबंद आपण. वाढप्यांच्या हाका ऐकत घरात बसून राहिलो.

का बोलावलं नाही, ते सांगतो.

श्रेणिकशेठची फाल्गुनी तुला आठवत असेल. पाच वर्षांपूर्वी तू ग्रामसभेत उभी राहून विचारलंस, "अभ्यासिकेला कुलूप का? आत भिलाआबांच्या मिरचीची पोती आहेत. मिरच्या अभ्यासाला बसल्यात का?" तेव्हा ही अकरावीतली पोर दारात उभी होती. सगळी सभा हसली, पण ही हसली नाही, असं ती मला आता सांगते. तिनं तो प्रश्न मनात ठेवला.

गेल्या दसऱ्यानंतर ती आपल्या ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, "गुरुजी, अठरा पूर्ण झालेल्या कितीतरी पोरापोरींची नावंच मतदारयादीत नाहीत. फॉर्म भरायला मदत करा." मी म्हटलं, चला, वेळ तरी जाईल. महिनाभर ओटा भरलेला होता. कुणी जन्माचा दाखला विसरायचं, कुणी फोटो. बऱ्याच जणांना ग्रामसभा कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं. एक पोरगा म्हणाला, "आपण बोललो तर चालतं?" चाळीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं मी, चेतना. आपण बोललो तर चालतं, एवढंच शिकवायचं राहून गेलं होतं.

मग निवडणूक लागली. आपल्या वॉर्डातली एक जागा महिलांसाठी होती. आबांनी आपल्या सुनेचं नाव बिनविरोध ठरवून टाकलं आणि फाल्गुनीनं अर्ज भरला. श्रेणिकशेठ घाबरले. "आम्हाला गावात दुकान चालवायचंय, बेटा," म्हणाले. ती ऐकेना. माझ्याकडे आली, "गुरुजी, माझ्यासोबत घरोघरी चला. तुम्ही असलात तर लोक दार तरी उघडतील."

मी उत्तर देणार तोच आबा आले. तिच्यासमोरच म्हणाले, "गुरुजी, तिले तुम्हीच समजाडा. मांगला खेपले चेतनाले समजाडं व्हतं ना, तसंच. गावमा भांडणं नको."

फाल्गुनीनं माझ्याकडे पाहिलं. "पण चेतनाताईंनी आईसाठी अर्ज मागे घेतला होता ना?"

मी उठलो. चपला घातल्या आणि तिला म्हटलं, "चल, कोणत्या गल्लीपासून सुरुवात करायची?"

आबांचं आणि माझं ते शेवटचं बोलणं. तेव्हापासून भाऊबंदांपैकी कुणी ओट्यावर चढत नाही. दूध घालणारासुद्धा बदलावा लागला. प्रचारात काही दारं उघडली, काही नाही. एका घरातून म्हातारी म्हणाली, "सोतानी पोरले बसाडं आनि दुसरानी पोरले उभी कर ऱ्हायना." खोटं नव्हतं; स्वतःच्या पोरीला मीच बसवलं होतं.

फाल्गुनी एकोणीस मतांनी हरली. त्या संध्याकाळी आबांच्या दारात गुलाल उडत होता. मला वाटलं, आता ही दुकानात जाऊन बसेल. पण नंतरच्या ग्रामसभेला ती त्या नव्या मतदारांना घेऊन आली. गणपूर्तीअभावी सभा तहकूब करण्याची आपल्याकडची पद्धत तुला माहीत आहे. त्या दिवशी सह्यांचं रजिस्टर भरलं आणि बसायला सतरंजी कमी पडली. तिनं तुझाच प्रश्न विचारला. यावेळी कुणी हसलं नाही. ग्रामसेवकांनी ठराव लिहून घेतला, आठ दिवसांत पोती निघाली. काल अभ्यासिका उघडली. खुर्च्या नाहीत, पोरं खालीच बसतात आणि मिरचीच्या खकाण्यानं शिंकतात. पण बसतात.

काल तिथं फाल्गुनी मला म्हणाली, "ताईंना कळवलंत ना? सुरुवात त्यांनी केली होती." मी हो म्हटलं. घरी आलो आणि त्या 'हो'नं जेवू दिलं नाही. आता लिहितो. इतका वेळ गावच्या बातम्या सांगत बसलो, कारण इथपर्यंत यायचं नव्हतं.

तुझ्या आईनं उपास धरला नव्हता.

अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस होता. तू शहाद्याला मैत्रिणीच्या खोलीवर होतीस. मी तुला तहसीलच्या फाटकाशी गाठलं आणि सांगितलं, "आईनं दोन दिवस अन्न घेतलं नाही. तू अर्ज मागे घेतल्याशिवाय घेणार नाही म्हणते." तू तशीच आत जाऊन सही केलीस. ते माझं बोलणं होतं. तुझ्या आईला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. उलट आदल्या दिवशी ती मला म्हणाली होती, "पोरले उभी ऱ्हाऊ द्या. हारनी तरी चाली."

घरी आलो तेव्हा ती चुलीपुढे भाकरी थापत होती. तू दारातूनच म्हणालीस, "जेव आता पोटभर." तिला काही कळेना. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. भाकरी करपली, तरी तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

त्याच आठवड्यात तू नाशिकला गेलीस. मी तिला म्हटलं, "मी चेतनाला खरं सांगतो." तिनं अडवलं. "मन्हावर राग धरू द्या तिले. तुमनावर धरी तर घरच इसरी जाई." मी ते मानलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं. तीन वर्षं तुझा फोन आला की ती पदराला हात पुसत यायची. तू तिच्याशी दोन शब्द बोलून "नानांना दे" म्हणायचीस. ती फोन माझ्या हातात द्यायची आणि तिथंच उभी राहायची. तशीच ती गेली. तू अंत्यविधीला आलीस, तिच्या पायाशी बसलीस आणि रडली नाहीस. तेव्हाही मी तुझ्यापासून चार हातांवर उभा होतो आणि गप्प होतो.

मला तेव्हा भीती वाटली होती, बेटा. आबा बोलायचे बंद होतील, गावात एकटा पडेन, याची. दुसरं काही कारण नव्हतं. पाच वर्षं शोधलं, सापडलं नाही. आता एकटा आहेच. घरात घड्याळाशिवाय काही बोलत नाही. पण त्याची तक्रार नाही, ते मी माझ्या पायानं चालत जाऊन घेतलं आहे.

तू परत ये, असं म्हणायचा हक्क मला नाही. माझ्यावर राग धर, वाटेल तितका. तिच्यावरचा मात्र सोड. ती तुझ्या बाजूची होती, पहिल्यापासून.

उत्तर आलं नाही तरी चालेल, असं लिहिणार होतो. खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसलोय, म्हणून लिहिलं नाही.

तुझ्या पत्राची, शिव्यांचं असलं तरी, वाट पाहणारा,
नाना