अठ्ठावन्नावा दगड

प्रति,
मा. तहसीलदार,
तहसील कार्यालय, माजलगाव,
जि. बीड

विषय : दिंद्रुड येथील अमेरिकन विद्यापीठाच्या प्रवेशरांगेचा क्रम, दगड क्र. ५८ पायरीत बसवला गेला असला तरी तो धरून, प्रमाणित करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) विद्यापीठाची सूचना, दि. ६ एप्रिल २०२६.
२) संचालकांचे पत्र, दि. १३ एप्रिल २०२६.

महोदया,

प्रवेशाच्या टोकनची खिडकी सोमवार, दि. २० रोजी सकाळी दहाला उघडणार आहे. आज सोडता मधे कार्यालयीन दिवस दोनच उरतात. म्हणून घडले तेवढेच आणि घडले त्या क्रमाने लिहितो.

१. मी सव्वीस वर्षे एका दैनिकाचा दिंद्रुडचा वार्ताहर आहे. माझे किंवा माझ्या नात्यातले कोणीही या रांगेत नाही. प्रेअरी लेक विद्यापीठाची ही शाखा ऑगस्ट २०२४ मध्ये कापसाच्या गोदामावरील दोन खोल्यांत सुरू झाली, तेव्हा विद्यार्थी एकोणीस व शिक्षक दोन होते. उद्घाटनाच्या बातमीला मला आतल्या पानावर चार ओळी मिळाल्या होत्या. दुसऱ्या वर्षी गावाबाहेर पंधरा एकरांत पहिली इमारत झाली आणि विद्यार्थी दोनशे चाळीस झाले. यंदा दुसरी इमारत पुरी होत असून संख्या सहाशेवर जाणार आहे. माती, पाणी आणि संगणक हे विषय तेथे शिकवतात. एसटीचे वाहक आता फाट्यावर "चला, अमेरिकावाले उतरा" एवढेच म्हणतात आणि योग्य तेच लोक उतरतात.

२. दि. ६ रोजी विद्यापीठाने फलक लावला की नव्या इमारतीमुळे यंदा तालुक्यातील साठ मुलामुलींना फीशिवाय प्रवेश मिळेल, आणि टोकन प्रथम येणाऱ्यास प्रथम दिले जाईल. घरातल्या कोणीही मुलांच्या वतीने यावे, अशी मुभा आहे. फलक लागला दुपारी चारला. पाच वाजून चाळीस मिनिटांनी शहादेव यांनी फाटकासमोरच्या सरकारी रस्त्याच्या कडेला फुटका वरवंटा ठेवला आणि ते म्हशींना पाणी पाजायला गेले. तो क्र. १.

३. रेशन असो, टँकर असो की बँक, आपल्याकडे माणूस कामाला जातो आणि त्याचा दगड रांगेत उभा राहतो, हे आपणांस सांगायला नको. दगड कोणी ओलांडत नाही. शुक्रवार, दि. १० पर्यंत चौऱ्याऐंशी दगड लागले. मी रोज सकाळ-संध्याकाळ त्यांची नोंद वहीत घेतली : क्रमांक, आकार, रंग, मालक. क्र. २३ हा ट्रॅक्टरच्या चाकाला लावायचा ठोकळा आहे. क्र. ३७ ही आरंभी चप्पल होती. ती कुत्र्याने नेल्यावर सर्वानुमते चपला बाद करण्यात आल्या व तेथे वीट आली.

४. क्र. ५८ चंद्रभागाबाई यांचा. त्यांची भाची तेजश्री बारावीचा शेवटचा पेपर देऊन त्याच दिवशी आईवडिलांकडे, कर्नाटकातल्या एका साखर कारखान्यावर ऊसतोडीला गेली. तिकडचे गाळप अजून संपलेले नाही. तिला पाण्याचा विषय शिकायचा आहे, आणि फीशिवाय शिकण्याची तिला दुसरी वाट नाही. मावशीने तिच्यासाठी स्वतःचा धुण्याचा दगड हातगाड्यावर घालून आणला. एवढा मोठा कशाला, असे मी विचारले. "बारका दगड कुणीबी पायानं सारतंय. ह्याला हलवायला दोन गडी लागत्यात," असे त्या म्हणाल्या.

५. शनिवार, दि. ११ रोजी विद्यापीठाचे अध्यक्ष अमेरिकेहून इमारत पाहण्यास येणार होते. सकाळी सातला संचालक श्रीमती कॅरल हेस यांनी फाटकासमोरचा रस्ता स्वच्छ करण्यास सांगितले. त्या फेब्रुवारीतच येथे आल्या आहेत. सुरक्षाप्रमुख मोहनराव आपल्याच तालुक्यातले. त्यांचे म्हणणे असे : "मी म्हणलो, म्याडम, हे दगड न्हाईत, ही माणसं हायती. नीट इंग्रजीत म्हणलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणाल्या, मोहन, तू लई कविमनाचा हायेस. अन् मग म्हणाल्या, काढा." नऊपर्यंत सर्व दगडांचा ढीग झाला. अध्यक्षांना रस्ता आवडल्याचे समजते.

६. रविवारी माझ्या वहीवरून रांग पुन्हा लावली. त्र्याऐंशी जणांनी ढिगातून आपापला दगड उचलला. एकाही दगडावर दोघांनी हक्क सांगितला नाही, हे मुद्दाम नोंदवतो. क्र. ५८ मात्र ढिगात नव्हता. क्र. ६१ चे सोमेश्वर, म्हणजे साठातून पहिले बाहेर राहिलेले, आपल्या मुलासाठी, सत्यमसाठी, रांगेत आहेत. ते म्हणाले, "मावशे, दगड दाखव अन् नंबर घे. आपली रीत हाय, मी न्हाई काढली." चंद्रभागाबाई म्हणाल्या, "दाखवते की. तुझ्या डोक्यात घालूनच दाखवते, थांब." प्रकरण यापलीकडे गेले नाही. पण रीतीप्रमाणे सोमेश्वर यांचे म्हणणे चूक नव्हते, हे मला मान्य करावे लागले.

७. सोमवारी दगड सापडला. शनिवारी अध्यक्ष येण्याच्या घाईत नव्या इमारतीची पायरी एका जागी अपुरी राहिली होती. गवंडी माऊली हे परगावचे असून त्यांना रांगेची कल्पना नव्हती. त्यांना ढिगात एका बाजूने तीस वर्षांत गुळगुळीत झालेला चौकोनी दगड दिसला. त्यांनी तो सिमेंटमध्ये बसवला. चंद्रभागाबाईंनी दगड पाहताक्षणी ओळखला, कोपऱ्याचा टवका दाखवला आणि त्यावर बसल्या. त्या सव्वा तास उठल्या नाहीत. "कावून उठू? माझा नंबर हाय हा," एवढेच त्यांचे उत्तर होते. श्रीमती हेस येऊन त्यांच्याशेजारी खालच्या पायरीवर बसल्या. मोहनरावांनी सगळे पुन्हा इंग्रजीत सांगितले, आणि या वेळी ते त्यांना पटले. दगड काढायचा तर पायरी फोडावी लागेल आणि दगडही फुटेल, असा माऊलींचा लेखी अभिप्राय सोबत जोडला आहे.

८. त्याच दिवशी श्रीमती हेस यांनी पत्र दिले (संदर्भ २). स्थानिक पद्धत माहीत नसल्याबद्दल त्यांनी दिलगिरी व्यक्त केली असून, सक्षम अधिकारी जो क्रम प्रमाणित करतील त्यातील क्रमांक साठपर्यंतच्या सर्वांना टोकन दिले जाईल, असे लिहिले आहे.

९. पत्र फाटकापाशी वाचून दाखवल्यावर नवाच प्रश्न उभा राहिला. दगड आहे तेथे धरायचा, तर तो फाटकाच्या आत आणि इमारतीच्या दारात आहे, म्हणजे सर्वांच्या पुढे. शहादेव यांनी आपला एक नंबर सोडण्यास नकार दिला. वरवंटा ठेवल्यापासून ते गावभर एक नंबर म्हणूनच ओळखले जातात. तोडगा सोमेश्वर यांनी काढला. तो त्यांच्या शब्दांत : "शहादेवचा एक राहू द्या. तेजश्रीचा शून्य धरा. शून्य काय साठात येत न्हाई. मग अठ्ठावन्न रिकामा, अन् मागचे एकेक पुढं. माझा साठ." चंद्रभागाबाईंनी विचारले, "शून्यवालीला आत घेत्यात ना?" घेतात, असे ठरल्यावर त्यांनी संमतीचा अंगठा दिला. हाच हिशेब मी काल श्रीमती हेस यांना सांगितला. त्यांनी तो दोनदा ऐकला. मग नव्या वर्गातील खुर्च्या मोजून घेतल्या. त्या बहात्तर निघाल्या. माझ्या पत्रातला शब्द मी बदलणार नाही, असे त्यांनी सांगितले.

१०. हा विषय आपल्या अधिकारात कसा, तर रांग सरकारी रस्त्यावर होती आणि दगड हे गौण खनिज आहे. चौऱ्याऐंशी दगडांची विनापरवाना वाहतूक झाली, अशी कोणाचीही तक्रार नाही. तरी दगडाबाबत निर्णय महसूल खात्याचाच चालतो, अशी सर्वांची भावना आहे.

११. पूर्वीचे क्र. ६२, आताचे क्र. ६१, वनमालाबाई यांचे म्हणणे नोंदवणे मला भाग आहे. त्यांची हरकत नाही. "तिसऱ्या इमारतीची पायरी कधी बसवणार ते तेवढं इचारा," असे त्या म्हणाल्या. विद्यापीठाच्या वाढीचा वेग पाहता तो अर्ज वर्षभरात येईल असे दिसते. सध्याच्या अर्जात त्याचा समावेश नाही.

तरी विनंती की, आपण शुक्रवार, दि. १७ पर्यंत एक वेळ स्थळपाहणी करून रांगेचा क्रम शून्य ते साठ असा प्रमाणित करावा. तेजश्रीला तिच्या मावशीने अद्याप काही कळवलेले नाही. कळवायचे ते आपला शिक्का पाहूनच, असे त्यांनी ठरवले आहे.

रांगेत दगड नसलेला,
आपला विश्वासू

(सही)
राधाकिशन लिंबाजी कोरडे
वार्ताहर, दिंद्रुड
दि. १५ एप्रिल २०२६

सहपत्रे :
१) रांगेच्या नोंदवहीची प्रत, पाने नऊ.
२) संचालकांचे पत्र व त्याचे मराठी भाषांतर.
३) गवंडी माऊली यांचा लेखी अभिप्राय.
४) रांगेतील चौऱ्याऐंशी जणांच्या ना-हरकत सह्या व अंगठे.
५) दगड क्र. ५८ चे छायाचित्र. चंद्रभागाबाई त्यावरून न उठल्याने दगडाची फक्त उजवी कड दिसते. शेजारी बसलेल्या त्या संचालक.