पावतीवरचं टिंब

प्रिय ठकू,

हे पत्र बाबांसमोर उघडू नकोस. जिन्यात जा, नाहीतर खाली औषधांच्या दुकानापाशी बाक आहे तिथे बस. फोनवरच सांगणार होते, पण बाबांना ऐकू कमी येतं म्हणून तू फोन मोठ्याने लावतेस, आणि हे त्यांच्या कानावर जायला नको. शेजारचे ड्रायव्हरकाका चार वाजता हॉस्पिटलकडे गाडी घेऊन निघतात, त्यांच्याकडे पाकीट देते आहे. आता अडीच वाजलेत. मी प्रेसमध्ये माझ्या टेबलाशी बसले आहे. समोर कुणाच्या तरी पुस्तकाची प्रुफं आहेत, सकाळपासून एक ओळ पुढे सरकलेली नाही.

आधी बँकेचं सांगते. आज सहाव्यांदा जाऊन आले. आजवर मॅनेजरांचं तेच पालुपद होतं: तू परदेशातून आणलेल्या नोटा आमच्याकडून चुकीच्या दराने बदलल्या गेल्या, सदुसष्टच्या जागी शहात्तर पडले, तेव्हा अख्खा व्यवहार रद्द. तुमच्या नोटा तुम्हाला, आमचे पैसे आम्हाला. पोरं गोट्यांची अदलाबदल मोडतात तसं! मी म्हटलं, अहो, त्यातले बरेचसे हॉस्पिटलने घेतलेत, ते काय आता मागून आणू? उरलेले खात्यात आहेत, तर खातं यांनी गोठवून ठेवलंय. बुधवारी संध्याकाळपर्यंत शेवटचा हप्ता भरला नाही तर गुरुवारी बाबांच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन होणार नाही, आणि डॉक्टरांची पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची. दोन महिने बाबांकडे नाहीत. तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि बाबांनाही माहीत असणार, नाहीतर ते आजकाल इतके विनोद करत नसते. मी मॅनेजरांपुढे हात जोडले. फरकाची रक्कम पगारातून फेडते म्हटलं. नियमात बसत नाही म्हणाले. उसने मागायला आता एकही दार उरलेलं नाही गं.

त्यात मी आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला होता, ते तुला सांगितलंच नाही. बँकेची पहिली नोटीस आली, ती मी माझ्या उत्तराबरोबर परत पाठवली. वाचता वाचता हात लाल पेन्सिलीकडे कधी गेला कळलंच नाही. अकरा चुका! समासात खुणा करून, सगळ्या दुरुस्त करून पाठवल्या. बत्तीस वर्षांची खोड. प्रेसमधले सगळे मला लालपेन्सिल म्हणतात ते उगाच नाही. बाबा बाइंडिंगमध्ये होते तेव्हा सांगत सुटायचे, की हिने आमच्या लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा सात चुका काढल्या, आठवी चूक मी, ती तेवढी राहून गेली. तर मॅनेजरांनी ती नोटीस माझ्यापुढे धरली आणि अगदी शांतपणे विचारलं, की ज्या बाईला आमचा एक स्वल्पविराम सोडवत नाही, तिला स्वतःच्या पावतीवरचे उलटे आकडे दिसले नाहीत? सगळं घोडं तिथेच अडलं होतं. गिऱ्हाइकाला चूक माहीत नसेल तर व्यवहार टिकतो. माहीत असून ते गप्प बसलं असेल तर मोडतो.

आणि मग तुझं पत्र बँकेत पोचलं. नोटा तुझ्या, मी फक्त तुझं अधिकारपत्र घेऊन गेलेली, म्हणून त्यांनी तुझं म्हणणं मागवलं होतं. मॅनेजरांनी आज ते मला वाचायला दिलं. तू लिहिलंस, की चूक दिसली आणि आई गप्प बसली असं तिच्या आयुष्यात एकदाही झालेलं नाही. वर चौथीतली ती गोष्ट लिहिलीस. बाईंची बेरीज चुकून तुला दोन गुण जास्त मिळाले होते, आणि मी तुझा हात धरून तुला शाळेत नेलं, गुण कमी करून घेतले. तुझा पहिला नंबर गेला. चार दिवस तू माझ्याशी बोलली नव्हतीस. बाबांनी तुला गुपचूप नवा खोडरबर आणून दिला होता, हिरवा, हत्तीच्या आकाराचा. मला वाटायचं तू ते विसरली असशील. विसरली नाहीस, उलट त्याचा अभिमान धरून बसलीस.

मॅनेजर तेवढ्यावर विरघळले. त्यांनी एक फॉर्म दिलाय, तो पाकिटात आहे. त्यात छापलंय की दर चुकल्याची कल्पना मला किंवा माझ्या प्रतिनिधीला नव्हती. खाली तुझी सही, सोबत मूळ पावती. दोन्ही उद्या दुपारी बारापर्यंत दिलं की खातं मोकळं. काउंटरवरच्या बाई, त्या मनगटाला पट्टा बांधतात त्या, मान खाली घालून बसल्या होत्या. आकडे त्यांच्याच हातून उलटे पडले, म्हणून फरक त्यांच्या पगारातून कापणार आहेत.

ठकू, त्या दिवशी काउंटरच्या वर दरांचा फलक होता. आमचं काम काय असतं, मूळ प्रत बघायची आणि प्रूफ बघायचं. मी फलक बघितला, सदुसष्ट. पावती बघितली, शहात्तर. माझ्या हातातल्या पेन्सिलीने शहात्तरच्या बाजूला बारीक टिंब दिलं, शंका असली की देते तसं. सांगायला तोंडही उघडलं. आणि मला बाबांचे निळे पडलेले ओठ आठवले. मी तोंड मिटलं, पैसे खात्यात जमा करून घेतले आणि घरी आले. तू फोनवर म्हणालीस, दर वाढलेला दिसतोय, नशीब आपलं. मी हो म्हटलं.

बँकेतून आल्यापासून दोनदा ते टिंब पुसायला घेतलं आणि दोनदा ठेवून दिलं. पुसून फॉर्म तुझ्याकडे धाडला असता तर तू डोळे मिटून सही केली असतीस, आणि माझ्या खोट्याखाली तुझं नाव लागलं असतं, तुला न कळता. ते माझ्याच्याने झालं नाही. खरं सांगून टाकण्याचंही धैर्य होत नाही, कारण मला तुझे बाबा हवेत. चौथीत तुझे गुण परत करताना मी तुला विचारलं नव्हतं. आज विचारते आहे. ड्रायव्हरकाका उद्या सकाळी नऊला तिथून परत निघतात, जे ठरवशील ते त्यांच्याबरोबर पाठव. तू काहीही केलंस तरी मी तुला कधी एका शब्दाने बोलणार नाही. पावती फॉर्मला टाचली आहे, टिंब आहे तसंच आहे. पाकिटाच्या तळाशी हाताला काही लागेल. तो तुझा हत्ती आहे, माझ्या ड्रॉवरमध्ये होता.

तुझीच,
आई